मदत हवी आहे: शेडमध्ये दहा-अकरा वर्षं उभी असलेली ऑक्टाव्हिया आरएस घेऊ का?

नमस्कार मंडळी, जळगावहून लिहितोय. पोस्ट लांब होणार आहे, पण अर्धवट माहितीवर सल्ला तरी काय देणार कोणी, म्हणून सगळंच सांगतो.

रावेर तालुक्यात एका बागायतदारांकडे जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस पडून आहे. 2005 ची, 1.8 टर्बो पेट्रोल, काळी, एमएच 19 पासिंग, एकाच मालकाची. ते आबा वारले, मुलगा पुण्याला नोकरीला, आणि घरच्यांना ठिबकच्या नळ्या नि खतं ठेवायला शेड मोकळं हवंय. मुलगा दीड लाख सांगतोय. गावातला भंगारवालाही मागे लागलाय, त्यामुळे निवांत विचार करायला वेळ नाहीये.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चार दारांची दिसते म्हणून कोणी म्हणेल ही कसली स्पोर्ट्स कार, पण 2004-05 साली आपल्याकडे साध्या माणसाला शोरूममधून पेट्रोल टर्बो मिळणं म्हणजे काय होतं ते आठवा. 1781 सीसी, एका सिलेंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण 20, आणि दीडशे हॉर्सपॉवर. युरोपात याच इंजिनाची आरएस 180 ची होती, आपल्याला कमी करून दिली, तरी त्या काळात हायवेला तिच्या बरोबरीने पळणाऱ्या गाड्या मोजक्याच. आणि जोडलेली कुठे, तर शेंद्र्याला, आपल्या अजिंठा घाटाच्या पलीकडे. मला ही गाडी मनापासून आवडते आणि ती गॅस कटरने कापलेली मला बघवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते धरूनच उत्तर द्या.

आता अवस्था. चारही टायर बसलेत, त्यांच्यावर आकडा 1411, म्हणजे 2011 च्या चौदाव्या आठवड्यातले. छताचं कापड लोंबतंय, ड्रायव्हरच्या बाजूची काच दारात पडलीय, टपावरची लॅकर आपल्याकडच्या उन्हाने पापुद्रे धरून निघालीय. पण पत्र्याला गंज जवळपास नाही, खालून टॉर्च मारून सगळं बघितलं, कडेच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, मागच्या टायरवरच्या कमानी, सगळं ठणठणीत. आपल्या कोरड्या हवेचा एवढा तरी फायदा.

बॉनेट उघडलं तिथे मात्र पोटात गोळा आला. इंजिनावर वाळलेल्या केळीच्या पानांचं उंदरांचं घरटं, स्पार्क प्लगच्या कॉइलकडे जाणाऱ्या वायरी कुरतडून तांबं उघडं पडलेलं. कूलंटच्या डब्यात गुलाबी पाणी असायला हवं तिथे चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ, म्हणजे कोणीतरी मध्ये हिरवं कूलंट मिसळलेलं दिसतंय. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं तर काळं, घट्ट, काजळासारखं वंगण निघालं. गेजपट्टीवर ऑइल आहे, त्यात पाणी मिसळल्याचा दुधाळ रंग नाही. सर्व्हिस बुकात शेवटचा शिक्का 68 हजार किलोमीटरचा, टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद कुठेच नाही. चावी एकच आहे, दुसरी सापडत नाहीये.

मुलगा म्हणतो, "दादा, बॅटरी आणा, आत्ता चालू करून दाखवतो." सोबत आमचे अमळनेरचे मेस्त्री होते, त्यांनी माझा हातच धरला, "भाऊ, चावी फिरावू नको, पहिले चेंबर उघाडीसन दख." म्हणजे आधी इंजिनाखालचं ऑइलचं भांडं उघडून बघ. मी थांबलो. पण मेस्त्रींचा हात डिझेलवर बसलेला, या इंजिनाचं नक्की सांगता येणार नाही असं ते स्वतःच म्हणाले.

रोजच्या वापराला घरी दुसरी गाडी आहे, त्यामुळे हिला सहा-आठ महिने लागले तरी चालेल. गाडीची किंमत सोडून साधारण दोन लाख घालायची तयारी आहे, त्याच्या वर घरात भांडण आहे. मला एवढंच कळून घ्यायचंय की पैसे द्यायच्या आधी, गाडी चालू न करता, इंजिन वाचेल की नाही हे कसं ओळखायचं? आणि कागदांचं काय, आरसीची मुदत 2020 लाच संपलीय, इन्शुरन्स त्याच्याही आधीपासून नाही. दीड लाख द्यावे का?

---

टर्बोवाला_नाशिक:

मेस्त्रींना माझा नमस्कार सांगा, त्यांनी तुमचे लाखभर वाचवले. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना धडकतात, व्हॉल्व्ह वाकले की हेड खोलावंच लागतं, आणि 20 व्हॉल्व्हचं हेड म्हणजे खर्चाचं काम. बेल्ट किलोमीटरने जुना होतो तसा वर्षांनीही होतो, एका जागी उभा राहून रबर कडक होतं. म्हणून त्या बेल्टवर एकदाही स्टार्टर मारू देऊ नका, मुलगा कितीही आग्रह करो.

तपासायचं असं. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रलला टाकून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने, घड्याळाच्या दिशेने, सावकाश फिरवा. दोन पूर्ण फेरे कुठेही न अडता फिरली तर निम्मी लढाई जिंकलात. अडली तर जोर लावू नका, तिथेच थांबा. त्याआधी प्लगच्या भोकातून मोबाईलला जोडायचा कॅमेरा आत सोडून सिलेंडरच्या भिंती बघून घ्या, हलकी भुरी चालते, गंजाचे खड्डे दिसले तर इंजिन बांधायला लागणार असं धरून चाला.

मग चेंबर. झाकणाला काळं घट्ट वंगण आलंय म्हणजे खाली गाळ असणारच, आणि तो ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. जाळी तुंबली की वर ऑइल पोचत नाही आणि सगळ्यात आधी टर्बो मरतो. मालक तयार असतील तर चेंबर उघडूनच बघा, जाळी साफ होते नाहीतर नवी टाका, मोठा खर्च नाही. टर्बोचा इनलेटचा पाइप काढून दांडा बोटाने हलवा, थोडीशी आडवी ढिलाई असते, पण पंखा हाउसिंगला घासत असेल किंवा दांडा आतबाहेर सरकत असेल तर टर्बो गेला समजा.

हे सगळं पास झालं आणि घेतलीत, तर चालू करायच्या आधी बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर बॉडी, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप, एकदमच बदला. जुन्या वॉटर बॉडीचा आतला पंखा प्लास्टिकचा असायचा, तो तडकतो आणि गाडी गरम होते, आणि तुमच्याकडच्या मे महिन्यात गरम झालेली गाडी हेड वाकवूनच थांबते. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. आता पंपावर ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, तेव्हा पेट्रोलचे रबरी पाइप नि फिल्टर नवे टाकताना ई20 ला चालणारेच घ्या. ऑइल 5डब्ल्यू-40 सिंथेटिक, डब्यावर 502 00 लिहिलेलं बघून. पहिल्यांदा फिरवताना गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि कॉइल काढून थोडा थोडा स्टार्टर द्या, टर्बोपर्यंत ऑइल पोचलं पाहिजे, मगच फायर करा.

कॉइल, लोअर आर्मचे बुश, ब्रेकचं सामान, याची चिंता नको, बरंचसं साध्या ऑक्टाव्हियाशी जुळतं. आरएसचे बंपर, सीटा, स्पॉयलर हे मात्र मिळत नाही, ते गाडीवर आहे की नाही आणि धड आहे की नाही हे आजच फोटो काढून ठेवा.

---

कागदपत्रवाले_काका:

इंजिनाच्या आधी कागद बघा हो. आरसी वारलेल्या माणसाच्या नावावर आहे, मुलाने नुसती सही दिली तर त्या सहीला आरटीओत किंमत शून्य. आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागेल, बहिणी असतील तर त्यांचीही. मग 29 आणि 30 भरून तुमच्या नावावर. गाडी जळगाव पासिंग आणि तुम्हीही जळगावचे, म्हणून बाहेरच्या एनओसीचा त्रास नाही, पण आरसीवर बँकेचा बोजा चढलेला असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र. वाहन पोर्टलवर नंबर टाकून बोजा, चलन, ब्लॅकलिस्ट हे आजच बघा. चॅसी नंबर स्वतः बॉनेटखाली वाचा, आरसीशी एक एक अक्षर जुळवा.

रिन्यूअलला फॉर्म 25. वीस वर्षांच्या वरच्या कारला ऑगस्ट 2025 पासून फी 10,000 झालीय, त्यावर पर्यावरण कर वेगळा, आणि उशिराचे महिन्याला 500 च्या हिशोबाने. ते कुठल्या तारखेपासून धरणार हे जळगाव आरटीओत समक्ष विचारून या, कारण हा आकडा लहान नसणार आणि तो किमतीतून कापायचा आहे. इन्शुरन्स आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लागेल. महाराष्ट्रात दिल्लीसारखी वयावरून बंदी नाही, गाडी पास झाली तर पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. तोवर रस्त्यावर चालवू नका, दुसऱ्या गाडीवर घालूनच न्या.

---

भुसावळकर:

भो, दीड लाख अजिबात नाही. तुमचे दोन लाख कुठे जातील सांगू का? बेल्टचं काम, टायर, ब्रेक, वायरिंग, सस्पेन्शन यातच संपतील, रंगाला एक रुपया उरणार नाही. मी एक जुनी गाडी अशीच उभी केलीय, रंगासाठी वर्षभर थांबावं लागलं. न चालणारी, मुदत संपलेली, एका चावीची गाडी, सत्तर-ऐंशी हजारांच्या वर जाऊ नका. दुसऱ्या चावीसाठी इमोबिलायझरचा कोड लागतो आणि ती यंत्रणा मीटरमध्येच असते, म्हणून त्यांच्या घरात सर्व्हिस बुकाच्या पाकिटात कोडची पट्टी आहे का ते शोधायला सांगा. आणि भंगारवाल्याची भीती घालून घेऊ नका, तो काय वजनावर घेणार, त्याच्यापेक्षा तुमचा आकडा कधीही जास्तच असेल.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पोर्टलवर बघितलं, बोजा अजून दिसतोय, कर्ज कधीच फिटलंय म्हणतात पण बँकेचं पत्र आणलेलं नाही. मुलाशी आज फोनवर बोललो. त्याला दोन बहिणी आहेत, दोघी संमती देणार म्हणाल्या. त्याला स्पष्ट सांगितलं की बॅटरी लावायची नाही, आधी प्लग काढून बघणार, इंजिन हाताने फिरलं तरच पुढचं बोलणं, आणि फॉर्म 31 झाल्याशिवाय टोकनच्या पलीकडे पैसे नाहीत. तो जरा नाराज झाला, पण रविवारी या म्हणाला, आबांना ती गाडी फार लाडकी होती, कापली जाण्यापेक्षा कोणीतरी चालवलेली बरी, असं त्याची आई मागून बोलल्या.

आकडा ऐंशीपासून सुरू करणार, इंजिन फिरलं आणि टर्बो चांगला निघाला तर लाखापर्यंत जाईन, त्याच्या वर नाही. फिरलं नाही तर मात्र घेणार नाही, कितीही जीव तुटला तरी.

रविवारी मेस्त्री येणार आहेत, कॅमेरा मी आणतोय. आता एकच, जळगाव किंवा भुसावळला कोणाकडे सपाट पाट्याची टोइंग गाडी आहे का? चाकं जाम आहेत, ओढून नेता येणार नाही, आणि सावदा-फैजपूरच्या रस्त्याला उभ्या हुकवर टांगून न्यायची माझी तरी हिंमत नाही. कोणाला भाड्याचा अंदाज असेल तर इथेच लिहा, शनिवारपर्यंत कळलं तर बरं होईल.