'समाधान', 'पुरे' आणि 'पुरेल'

वसईकर: एक शब्द नीट समजून घ्यायचा आहे. धाकटी बहीण नर्स आहे. परदेशातली नोकरी ठरून दीड वर्ष झालं, कागद कुठं अडलेत ते कोणी सांगत नाही. लोकरीच्या कपड्यांनी भरलेली बॅग तेव्हापासून कपाटावर आहे. घरी प्रार्थनेला येणारी माणसं मायेनं म्हणतात, "बाळा, समाधानी राहा." परवा तिनं मला विचारलं, "म्हणजे बॅग रिकामी करू का गं?" मला बोलता आलं नाही. बायबलमधल्या पत्रांत समाधानाबद्दल लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला समाधान म्हणजे काय म्हणायचं होतं?

नगरकर: ताई, बहिणीनं नेमकं दुखणं पकडलंय. 'तेवढ्यावर समाधान मानलं' असं आपण बहुधा हरलेल्याबद्दल बोलतो. पौलाच्या फिलिप्पैच्या पत्रातला (४:११) मूळ ग्रीक शब्द आहे 'औतार्केस'. त्यातल्या धातूचा अर्थ पुरणे. तोच धातू २ करिंथ १२:९ मध्ये येतो आणि तिथं मराठी बायबलनं तो सरळ उतरवलाय: "माझी कृपा तुला पुरे आहे."

आता मराठी कानानं ऐका. पंगतीत वाढप्यापुढे हात आडवा धरून म्हणतो ते 'पुरे', म्हणजे आता नको. आणि शिदोरी बांधताना आई म्हणते, "एवढं पुरेल," म्हणजे नीघ, वाटेत उपाशी राहणार नाहीस. पौलाचं समाधान मला या शिदोरीतलं वाटतं.

पुणेकर: मग महत्त्वाकांक्षा? ती तर उपदेशात पापांच्याच यादीत ऐकलीय.

नगरकर: ती 'एरिथेइया', तट पाडून, दुसऱ्याला ढकलून पुढं जाणं (फिलिप्पै २:३). पौल स्वतःसाठी दुसरा शब्द वापरतो, 'फिलोतिमेओमाई': एखादं काम मानाचं समजून त्याचा ध्यास घेणं. ख्रिस्ताचं नाव पोचलं नाही तिथं सुवार्ता नेण्याचा ध्यास रोम १५:२० मध्ये याच शब्दात आहे. १ थेस्सल ४:११ मध्ये शांतपणे राहून आपल्या हातांनी काम करण्यालाही तोच शब्द! 'महत्त्वाकांक्षा' म्हटलं की महत्त्व आधी येऊन बसतं, म्हणून मी 'ध्यास'च म्हणेन.

रोमच्या त्याच अध्यायात स्पेनला जायचा बेत आहे. पुढं काय झालं? यरुशलेमला अटक, कैसरियात दोन वर्षं कैद, मग रोममध्ये भाड्याच्या घरात पहाऱ्याखाली आणखी दोन वर्षं. ही हकिगत सांगणारं बायबलचं पुस्तक 'प्रेषितांची कृत्ये' तिथंच संपतं, स्पेन येतच नाही. फिलिप्पैचं पत्र तो बेड्यांत असताना लिहितो. तिसऱ्या अध्यायात तो अजून धावतोय आणि चौथ्यात म्हणतो, समाधानी राहायला मी शिकलो. 'शिकलो' हे क्रियापद सोडू नका. त्यालाही ते आयतं आलेलं नव्हतं.

नाशिककर: 'अपुरं' हा शब्दही याच घरातला. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तावरचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. पुढं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. रखडलेल्या कामाला आपण फार लवकर 'फसलं' म्हणतो.

वसईकर: हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. रात्रपाळीला निघताना स्टुलावर चढून तिनं बॅग खाली घेतली, वरचा स्वेटर काढून अंगात घातला आणि बॅग बंद करून परत कपाटावर ठेवली.