प्रो*सीचे ऑप्शन सिस्टिमच्या फायलीत की मेकफाइलमध्ये?

सातरस्ता: प्रो*सी म्हणजे सी प्रोग्रॅममधला एसक्यूएल आधी साध्या सीमध्ये बदलणारा ओरॅकलचा प्रीकंपायलर. त्यावर काल इथं एकाने तोऱ्यात लिहिलं, "प्रो*सीचे सगळे ऑप्शन पीसीएससीएफजी फायलीत टाका, मेकफाइल (बिल्डच्या आज्ञांची फाइल) मोकळी ठेवा, कटकट संपली." मालक, कटकट तुमची संपली, आमची सुरू झाली. ती पीसीएससीएफजी म्हणजे सिस्टिमची फाइल, ओरॅकल होममध्ये (ओरॅकल जिथं इन्स्टॉल केलंय त्या फोल्डरमध्ये) प्रीकॉम्पच्या अ‍ॅडमिनखाली बसलेली, त्या होमवरच्या प्रत्येक प्रोजेक्टला लागू. आमच्याकडे एका शहाण्याने तिथं मोड=अँसी (ओरॅकलऐवजी अँसी स्टँडर्डचे नियम) टाकून ठेवलं. शेजारच्या टीमचा जुना वसुलीचा प्रोग्रॅम फेच करताना १४०३, म्हणजे डेटा संपल्याचा ओरॅकलचा कोड, आला की लूप तोडायचा. अँसीत डेटा संपला की १०० येतो. नवं बिल्ड झालं, लूप थांबेना, लॉगने डिस्क भरली, आणि बिचारे मध्यरात्रीपर्यंत नेटवर्कवाल्याला शिव्या घालत बसले. सोर्सची एक ओळ बदललेली नव्हती! ऑप्शन सोर्सबरोबर गिटमध्येच पाहिजेत.

जुना_डीबीए: तो "एक" मीच. मोड तिथं टाकणारा येडा असेल, त्यात फाइलीचा काय दोष? सिस-इन्क्लूड, म्हणजे सीच्या हेडर फायलींचा रस्ता, कुठं ठेवणार ते सांगा. जीसीसी (सी कंपायलर) अपग्रेड झाला की एसटीडीडेफ या हेडरचा रस्ता बदलतो आणि पीसीसी-०२०१५, म्हणजे इन्क्लूड फाइल उघडत नाही ही एरर, पडते. मग प्रत्येक प्रोजेक्टची मेकफाइल उघडत फिरायचं? मशीनची गोष्ट मशीनवर.

सातरस्ता: "सगळे ऑप्शन" तुम्हीच लिहिलंय. आता सिस-इन्क्लूडवर आलात.

अक्कलकोट_नाका: तुमचं चालू द्या. पण मेकफाइलमध्ये यूजरआयडी= लिहून त्यात उघडा पासवर्ड, हे कोण खपवून घेतं? बिल्ड चालू असताना पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारला की अख्ख्या ऑफिसला दिसतो. आमच्या जुन्या ठिकाणी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड रिपॉझिटरीत अजून तसाच आहे म्हणे.

सातरस्ता: मग एसक्यूएलचेक=सिंटॅक्स ठेवा, म्हणजे फक्त एसक्यूएलचं व्याकरण तपासलं जातं. डिफॉल्ट तेच आहे, लॉगिन लागत नाही.

जुना_डीबीए: आणि कॉलमचं स्पेलिंग चुकलं तर? प्रीकंपायलर गपगुमान पास करतो, ओआरए-००९०४ (असा कॉलमच नाही) महिनाअखेरच्या रनमध्ये बघायचा. शिवाय सोर्समध्ये पीएल/एसक्यूएलचा (ओरॅकलच्या स्वतःच्या भाषेचा) ब्लॉक असला की एसक्यूएलचेक=सिमँटिक्स, म्हणजे डेटाबेसशी पडताळणी, आणि यूजरआयडी दोन्ही द्यावेच लागतात.

अक्कलकोट_नाका: सोर्समध्ये डिक्लेअर टेबलने टेबलचे कॉलम लिहून लॉगिन टाळता येतं.

जुना_डीबीए: साध्या क्वेरीला येतं. ब्लॉकला येत नाही, आत्ताच सांगितलं. वाचत जा.

अक्कलकोट_नाका: वाचलं हो काका, आवाज कशाला चढवताय? ओरॅकलचं वॉलेट (लॉगिन जपून ठेवणारी फाइल) ठेवा, यूजरआयडीत स्लॅश आणि अलियास द्या, पासवर्ड लिहायची वेळच येत नाही. पण तुमच्या पिढीला पासवर्ड भिंतीवर चिकटवायचीच सवय.

जुना_डीबीए: आमच्या पिढीने चालवलेल्या सिस्टिमवरच तुमचा पगार होतो.

पोस्टग्रेसवाला: ईसीपीजी, पोस्टग्रेसचा असाच प्रीकंपायलर, घ्या की राव. पीजीसी फाइल द्या, सी फाइल घ्या, लिंक करताना एलईसीपीजी. कंपाइलच्या वेळी डेटाबेसला हातच लावत नाही, पासवर्डचा प्रश्नच मिटला.

जुना_डीबीए: म्हणजे टेबल आहे की नाही हेसुद्धा प्रोग्रॅम चालवल्यावरच कळणार. भारीच.

बाळीवेस: हे सगळं सोलापुरात शिकवतं कोण? पोरगं दोन पुस्तकं वाचतं आणि हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला जातं. इथं उरतो आम्ही, दुसऱ्याच्या मेकफाइली निस्तरायला.

सातरस्ता: दादा, त्यावर वेगळं लिहा. खूप लोक येतील भांडायला.

जुना_डीबीए: बरं, तुमच्या समाधानासाठी: कॉन्फिग= देऊन प्रोजेक्टची स्वतःची फाइल लावा, गिटमध्ये ठेवा. ती सिस्टिमच्या फायलीवर मात करते, कमांड लाइन तिच्यावर. सिस-इन्क्लूड माझ्याकडेच राहील. आता तरी जेवायला जाऊ?

सातरस्ता: जा. जाण्याआधी नुसतं प्रोक टाइप करून एंटर मारा, चालू किंमती दिसतात. तुमच्या मशीनवर मोड काय आहे ते इथं टाका.

जुना_डीबीए: …अँसी आहे. मी टाकलेला नाही.

अक्कलकोट_नाका: 😂 येडा सापडला का मग?