परळहून कुठे जावे: मुलुंड पूर्व, डोंबिवली की खारघर?

परळकरीण
नमस्कार. परळच्या चाळीतील आमचे घर पुनर्विकासात गेले असून विकासकाकडून मिळणाऱ्या भाड्यावर पुढची काही वर्षे बाहेर काढायची आहेत. घरात आम्ही दोघे, चार वर्षांची मुलगी आणि पाच महिन्यांचा मुलगा. यजमानांचे कार्यालय विक्रोळीला, माझे फोर्टमध्ये. माझी बाळंतपणाची रजा पुढच्या महिन्यात संपते, आणि सासूबाई आता गावी दिरांकडे राहणार असल्याने मुलांना सांभाळायला घरात मोठे माणूस कोणी नाही. मुलीला मराठी शाळेतच घालायचे, हे मात्र आमचे ठरलेले आहे. त्याच पैशांत मुलुंड पूर्वेला जुन्या इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर, डोंबिवलीत बऱ्यापैकी मोठे घर, तर खारघरला नव्या संकुलात दोन शयनगृहांची जागा मिळते आहे. मुलांना खेळायला मोकळी जागा अधिक महत्त्वाची मानावी की आमचा प्रवास, यावर आमच्यात एकमत होत नाही. त्या त्या भागात लहान मुलांसह राहणाऱ्यांचे मत हवे आहे.

खारघरवासी
मी खारघरला राहतो आणि मला ते मनापासून आवडते. रुंद रस्ते, सेंट्रल पार्क, पावसाळ्यात हिरवेगार होणारे डोंगर, हे सारे मुलांच्या वाट्याला येते, ही गोष्ट लहान नाही. तरीही आपण सांगितलेली कार्यालये पाहता मी आपल्याला इथे या असे म्हणणार नाही. आपल्याला हार्बरची गाडी थेट सीएसएमटीला नेईल. प्रवास तासाभराहून अधिक असला तरी सरळ आहे. यजमानांना मात्र विक्रोळीला थेट गाडीच नाही. त्यांना एक तर कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने पुन्हा उत्तरेकडे यावे लागेल, नाही तर पनवेल-ठाणे गाडीने ठाणे गाठून तिथे गाडी बदलावी लागेल.

पाण्याचीही चौकशी अवश्य करावी. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे हे ऐकून अनेक जण निर्धास्त होतात, परंतु खारघर हे 2016 मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत येते, आणि इथल्या कित्येक सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. तेव्हा दलालाला न विचारता पहारेकऱ्याला विचारावे. टँकर आत सोडणारा तोच असतो.

डोंबिवली फास्ट नव्हे, स्लो
डोंबिवलीची बाजू मांडायला कोणी तरी हवे म्हणून लिहिते. मराठी माध्यमाच्या शाळा, घरगुती पाळणाघरे, शाळेतून मुलांना आणून जेवू घालून झोपवणाऱ्या काकू, हे जाळे इथे पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करणाऱ्या आयांमुळे तयार झालेले आहे आणि ते नव्या संकुलांत सहजी मिळत नाही. माझा मुलगा शेजारच्या आजींकडे वाढला, आणि त्या काळात घराचे क्षेत्रफळ किती आहे हा विचारही माझ्या मनात आला नाही. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या असल्याने सकाळी बसायला मिळण्याची निदान शक्यता तरी असते.

आता उणी बाजू. विक्रोळीला जलद गाडी थांबत नाही, त्यामुळे यजमानांना धीम्या गाडीने जावे लागेल किंवा वाटेत गाडी बदलावी लागेल. शिवाय घर पाहताना एमआयडीसीच्या जवळचा निवासी भाग मी तरी टाळेन. तिथल्या रासायनिक कारखान्यांत 2016 आणि 2024 अशा दोन्ही वर्षी मे महिन्यात मोठे स्फोट झाले आहेत, आणि उग्र वासाच्या तक्रारी तर नेहमीच्याच आहेत. तान्ह्या बाळासह तिथे राहणे मला योग्य वाटत नाही.

चेकनाक्याच्या अलीकडे
मोकळी जागा की प्रवास, हा प्रश्नच मला थोडा बाजूला ठेवावासा वाटतो. लहान मुलांच्या घरात खरा प्रश्न असा असतो की पाळणाघरातून दुपारी तीन वाजता ‘बाळाला ताप आला आहे’ असा फोन आला, तर दोघांपैकी कोण किती वेळात पोहोचू शकेल. आणि मुंबईत याचे उत्तर पावसाळ्यातल्या वाईटातल्या वाईट दिवसाचे धरून द्यावे लागते. मध्य रेल्वेचे रूळ जोरदार पावसात कुर्ला-शीव-माटुंगा या पट्ट्यात पाण्याखाली जातात आणि गाड्या थांबतात, तर हार्बरची तीच गत कुर्ला-चुनाभट्टीच्या आसपास होते. अशा दिवशी फोर्टमध्ये अडकलेली आई रात्री कधी पोहोचेल ते कोणी सांगू शकत नाही. आपल्या बाबतीत सुदैव असे की यजमानांचे कार्यालय या पट्ट्याच्या पलीकडे, विक्रोळीला आहे. मुलुंडला घर असेल तर गाड्या बंद पडल्या तरी ते लालबहादूर शास्त्री मार्गाने किंवा पूर्व द्रुतगती महामार्गाने बस-रिक्षा करून येऊ शकतील. डोंबिवलीलाही तत्त्वतः हेच लागू होते. परंतु रस्त्याने जायचे म्हटले की शिळफाट्याची कोंडी वाट्याला येते, आणि तिच्याविषयी न बोललेले बरे.

आणखी एक सांगावेसे वाटते. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या कार्यालयात ती असेलही, पण सकाळच्या गर्दीत तान्ह्या मुलाला घेऊन लोकलमध्ये चढणार कोण? तीच चौकशी यजमानांच्या विक्रोळीच्या कार्यालयात करावी. मुलुंडहून विक्रोळी रिक्षाच्या टप्प्यात आहे, आणि बाळाला सोबत नेणे हे बापालाही जमते.

मुलुंड पूर्व निर्दोष आहे असे मात्र नाही. इथली क्षेपणभूमी 2018 मध्ये बंद झाली, तरी वारा फिरला की कांजूरच्या कचऱ्याचा वास काही रात्री येतो, आणि खाडीकडच्या इमारतींत संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

परळकरीण
सर्वांचे आभार. तापाच्या फोनचा मुद्दा वाचल्यावर आमच्यातला वाद बराचसा मिटला आहे. यजमान उद्याच कार्यालयात पाळणाघराची चौकशी करणार आहेत. मुलुंड पूर्वेच्या जुन्या इमारतीत भाड्याने जाताना आणखी काय पाहावे?

चेकनाक्याच्या अलीकडे
सर्वांत आधी ती सोसायटी स्वतःच पुनर्विकासाला निघालेली नाही ना, ते पाहावे. इथल्या जुन्या इमारती एकामागून एक रिकाम्या होत आहेत, आणि पुनर्विकासामुळे बाहेर पडलेल्या कुटुंबाला वर्षभरात त्याच कारणासाठी दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलवावे लागणे म्हणजे मुलीची शाळा पुन्हा बदलणे. घरमालक याविषयी मोघम बोलतात. म्हणून सोसायटीच्या सचिवांना भेटून विकासक नेमला आहे का, घरे रिकामी करण्याची नोटीस कधी अपेक्षित आहे, हे थेट विचारावे. करार अकराच महिन्यांचा असायला हवा असे नाही. मालक तयार असेल तर अधिक मुदतीचा करावा आणि त्यापूर्वी जागा सोडावी लागल्यास किती महिन्यांची सूचना मिळेल ते त्यात लिहून घ्यावे. मुदत कितीही असो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून तो नोंदवणे सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. पत्त्याचा पुरावा म्हणून हाच नोंदणीकृत करार पुढे मुलीच्या शाळाप्रवेशाला उपयोगी पडतो, त्यामुळे ‘नंतर करू’ ही सबब ऐकून घेऊ नये.

उद्वाहक नसेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नये. कडेवर बाळ, हाताशी मुलगी आणि खांद्यावर भाजीची पिशवी घेऊन चौथा मजला चढण्याचा अनुभव आमच्या सौभाग्यवतींनी घेतला आहे, आणि त्या सालचे सगळे टोमणे मला अजून पाठ आहेत.