अपंग उद्योजकांना साथ द्यायचीय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न:
आम्ही तिघं मिळून सामाजिक उद्योग काढायच्या विचारात आहोत. अपंग लोकांना नोकऱ्या द्यायच्या असं नाही, ज्यांचा स्वतःचा धंदा आहे किंवा सुरू करायचाय त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. सध्या डोक्यात ट्रेनिंग आणि बिनव्याजी कर्ज एवढंच आहे. यातून गेलेल्यांनी सांगा, नक्की काय उपयोगी पडतं?

उत्तर १:
मी व्हीलचेअर वापरते, शिवणकामाचा धंदा आहे. ट्रेनिंग पाच वेळा झालं, गिऱ्हाईक मात्र कुणी मिळवून दिलं नाही. एका संस्थेने माझ्या पिशव्या विकल्या पण ‘अपंग भगिनींनी बनवलेल्या’ असं लेबल लावून, लोकांनी एकदा कौतुकाने घेतल्या आणि परत कुणी आलं नाही, शिवण उसवते हेही सांगितलं नाही, मला वाईट वाटेल म्हणून! मग एका कंपनीची दर महिन्याची ऑर्डर मिळाली, त्यांनी पहिला अर्धा माल परत पाठवला, त्यातून मी खरं शिकले. आधी खरेदीदार शोधा, प्लीज.

उत्तर २:
+१. मी अंध आहे, टायपिंग-भाषांतराची कामं घेतो. कर्जाचा फॉर्म स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालेना, मग भावाने भरला, आणि हळूहळू खातं, पासवर्ड, दर ठरवणं सगळं भावाकडेच गेलं. नावाला मालक मी. परत हातात घ्यायला दोन वर्षं गेली. तुमचे फॉर्म, हिशोबाचं ॲप आधी आमच्याकडून तपासून घ्या. आणि कर्ज ठरवताना वरचा खर्च धरा, सॉफ्टवेअर, मदतनीस, गाडीभाडं, कर्णबधिर असेल तर दुभाषी. हा खर्च बाकीच्या धंदेवाल्यांना नसतो, पहिल्या वर्षी हप्ता तिथेच थकतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या कलम २७ मध्ये स्वयंरोजगार, सहकारी संस्था, स्वतःचा व्यवसाय हे सगळं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे ही मेहरबानी नाहीये.

उत्तर ३:
तुमच्या तिघांत अपंग कोण आहे? इटलीत १९९१ च्या कायद्याप्रमाणे एका प्रकारच्या सामाजिक सहकारी संस्थेत किमान ३०% कामगार वंचित गटातले लागतात, अपंगही त्यात येतात, आणि शक्य असेल तिथे ते सभासदही असायला हवेत. सभासद म्हणजे मत आलं. तुम्ही मत कुणाला देणार ते आधी ठरवा.

प्रश्नकर्ता:
कुणीच नाही, आणि हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. ट्रेनिंग बाजूला ठेवतो. आधी ऑर्डर देणाऱ्या दोन-तीन कंपन्या गाठतो, आणि भागीदारीचा कागद करायच्या आधी निम्म्या जागा अपंग उद्योजकांना. उत्तर २ वाले दादा, फॉर्म तयार झाला की तपासाल का? कामाचे पैसे देऊ.