यादवीत फितूर कोणाला म्हणायचं? रिचमंडची व्हॅन ल्यू आणि बाकीचे हेर

रविवारचा_रिकामटेकडा
गेले दोन आठवडे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (१८६१-६५) हेरांबद्दल वाचतोय, एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा. रिचमंड म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेची राजधानी, तिथे चर्च हिलवर मोठ्या वाड्यात एलिझाबेथ व्हॅन ल्यू नावाची श्रीमंत, बिनलग्नाची बाई राहायची. लिबी तुरुंगातल्या उत्तरेच्या कैद्यांना खायला न्यायची, पुस्तकं न्यायची आणि परत येताना बातम्या आणायची. पुढे तर अख्खं जाळं उभं केलं, सॅम्युएल रूथ नावाचा रेल्वेचा सुपरिंटेंडंटसुद्धा त्यात, आणि बातम्या थेट उत्तरेचा सेनापती ग्रँट ह्याच्या छावणीत. आज तिला सगळे डोक्यावर घेतात. माझं मत, शिव्या घाला हवं तर: बाई फितूर होती. ज्या गावाचं मीठ खाल्लं त्या गावाची पोरं कुठल्या मोर्चावर आहेत हे समोरच्याला कळवायचं, ह्याला मराठीत दुसरा शब्द नाही. नंतर गावाने तिला वाळीत टाकलं ते मला समजू शकतं.

कुळीथपिठलं
मिठाचं काढलंत ते बरं झालं, ते मीठ कोणाच्या घामाचं होतं? गुलामांच्या. आणि गाव कोणाचं, फक्त गोऱ्यांचं? तिच्या लेखी तिचा देश अमेरिका, तो मोडून वेगळे निघाले ते दक्षिणवाले, मग फितूर कोण ते तुम्हीच ठरवा. रिचमंड पडलं एप्रिल १८६५ मध्ये तेव्हा तिने घरावर अमेरिकेचा झेंडा चढवला तो काय परक्याचा होता का

जोडाक्षर
आपण बहिर्जी नाईकांचं नाव अभिमानाने घेतोच की, मग हिने काय घोडं मारलंय?

रविवारचा_रिकामटेकडा
@जोडाक्षर नाही हो, तुलनाच चुकतेय. नाईक महाराजांच्या चाकरीत, काम शत्रूच्या मुलखात. ही स्वतःच्या घरात, स्वतःच्या नावाने, शेजाऱ्यांच्या ओळखीचा फायदा घेऊन. म्हणून तर घरभेदी म्हणतोय.

ओटीवरची_आजी
तुम्ही दोघं बाईवरच भांडताय. चिठ्ठ्या चालत नेल्या कोणी ते बोला ना. व्हॅन ल्यूंची शहराबाहेर नदीकडे छोटी शेती होती, तिथे जा-ये करणारे घरचे काळे नोकर, काही गुलामच, बुटाच्या तळव्यात नाहीतर अंड्याच्या रिकाम्या टरफलात चिठ्ठी घालून पहाऱ्यातून निघायचे. पकडलं तर बाईला निदान आडनाव होतं, ह्यांना काय होतं? वाड्यातल्या मेरी रिचर्ड्सबद्दल म्हणतात की ती दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस ह्याच्या घरात वाढपी होऊन गेली, एकदा बघितलेला कागद तिला पाठ व्हायचा वगैरे. त्यातलं बरंच मागाहून तिखटमीठ लावलेलं आहे, पण बाई खरी होती, युद्धानंतर तिने सुटलेल्या गुलामांच्या शाळेत शिकवलं. हे लोक कोणाचे फितूर? ज्याने विकत घेतलंय त्याच्याशी इमान राखायचं असतं होय?

रविवारचा_रिकामटेकडा
आजी हा मुद्दा मान्य, त्यांना फितूर म्हणायची माझी हिंमत नाही. मी बोलत होतो वाडेवाल्यांबद्दल.

तोफखाना_७७
मग दुसऱ्या बाजूचं पण बोला जरा. डेव्हिड डॉड, वय १७, सैन्यात नाही काही नाही, डिसेंबर १८६३ मध्ये उत्तरेच्या ताब्यातल्या लिटल रॉकजवळ पास नाही म्हणून अडवला, वहीत मोर्सच्या टिंब-रेघांत उत्तरेच्या फौजेची माहिती. ८ जानेवारी १८६४ ला फाशी. सतरा वर्षांचं पोर!! आणि वॉशिंग्टनमध्ये बसून बुल रनच्या लढाईआधी दक्षिणेला निरोप धाडणारी रोज ग्रीनहाऊ? तिचा निरोप बेटी डुव्हल नावाची मुलगी अंबाड्यात लपवून घेऊन गेली. रोजबाईंना उत्तरेसाठी काम करणाऱ्या पिंकर्टन नावाच्या गुप्तहेराने पकडलं, काही महिने कैद आणि मग १८६२ मध्ये दक्षिणेत पाठवणी. एकाला दोर, एकीला सोडून दिलं. कुठला न्याय?

कुळीथपिठलं
नियम होता हो. एप्रिल १८६३ च्या लीबर संहितेत, म्हणजे उत्तरेच्या फौजेच्या युद्धनियमांत, स्वच्छ लिहिलंय, वेष बदलून किंवा खोटं सांगून माहिती काढणारा हेर, शिक्षा फाशी, काम फत्ते होवो न होवो. आणि हेरगिरीत बाई-पुरुष भेद नाही असंही लिहिलंय.

तोफखाना_७७
लिहिलंय, पाळलं कोणी? शिवाय त्याच संहितेत आहे की निरोप्या गणवेशात आणि हत्यारासकट सापडला तर युद्धकैदी, गणवेश नसेल तर परिस्थिती बघून ठरवा. म्हणजे अंगात कोट आहे की नाही त्यावर जीव. पोराकडे कोट नव्हता.

कुळीथपिठलं
वही होती पण. मला वाईट वाटतं, खरंच, पण त्या वहीच्या जोरावर उद्या हल्ला झाला असता तर मेलेली पोरं पण १८-१९ चीच असती

ओटीवरची_आजी
ज्यांच्यासाठी केलं त्यांनी तरी काय दिवे लावले. विल्यम लॉइडशी खुद्द लिंकनने १८६१ मध्ये करार केला, दक्षिणेत फिरून माहिती काढ, महिना २०० डॉलर. युद्ध संपल्यावर हातात फक्त खर्चाचे पैसे. तो वारला, मग टॉटन नावाच्या माणसाने त्याच्या वतीने पगारासाठी केस लावली तर सुप्रीम कोर्ट १८७६ मध्ये म्हणालं की असला गुप्त करार कोर्टात आणताच येत नाही. झालं. आणि गुलामीतून पळालेली, उत्तरेसाठी हेरगिरी करणारी हॅरिएट टबमन! काळ्या नावाड्यांकडून नदीतल्या सुरुंगांची माहिती काढली, जून १८६३ मध्ये कंबाही नदीवरच्या छाप्यात सातशेवर गुलाम सोडवले, तिला १८९९ मध्ये महिना २० डॉलर मंजूर झाले ते नवऱ्याची विधवा आणि नर्स म्हणून. हेर म्हणून दमडी नाही.

जोडाक्षर
व्हॅन ल्यूला तरी काय मिळालं, अध्यक्ष झाल्यावर ग्रँटने १८६९ मध्ये रिचमंडची पोस्टमास्तरीण केलं, आठ वर्षांनी तेही गेलं. शेवटी मॅसॅच्युसेट्समधून पैसे यायचे, तुरुंगात तिने ज्याला मदत केली त्या रिव्हिअरच्या घराण्याकडून. थडग्याचा दगडसुद्धा तिकडूनच आला, गावातून नाही.

रविवारचा_रिकामटेकडा
हे मात्र लागलं. आणि अजून एक, डिसेंबर १८६६ मध्ये तिने युद्धखात्याकडून स्वतःचे जुने अहवाल परत मागवून नष्ट केले. म्हणजे कोणाकोणाची नावं त्यात असतील आणि ती माणसं अजून त्याच गल्लीत राहतायत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ओटीवरची_आजी
मग? फितूर म्हणायचं का अजून?

रविवारचा_रिकामटेकडा
शब्द मागे घेत नाही तूर्तास, पण धाग्याच्या पहिल्या पोस्टमधलं वाळीत टाकण्याचं वाक्य काढतोय. डॉडवर रात्री लिहितो, आत्ता गॅस सिलिंडरवाला आलाय.