एक्झिक्यूट आधी, डायलॉग नंतर

प्रश्न असा आहे की जावाच्या स्विंगमधे (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) लांबलचक काम चालू असताना दाखवायचा डायलॉग उघडतो पण प्रोग्रेस बार शून्यावरच, आणि डायलॉग बंद केला की मग काम सुरू होतं, तर अहो ओळींचा क्रम उलटा झालाय, बाकी काही नाही. मोडल (म्हणजे मिटेपर्यंत बाकीच्या खिडक्या अडवून धरणाऱ्या) जेडायलॉगचं, तो दाखवणारं सेटव्हिजिबल(ट्रू) डायलॉग मिटेपर्यंत परतच येत नाही, त्यामुळे त्याच्या खाली लिहिलेलं वर्कर.एक्झिक्यूट() (वर्कर म्हणजे काम मागच्या थ्रेडवर करणारा स्विंगवर्कर, एक्झिक्यूटने ते सुरू होतं) ताटकळत बसतं. ते वर घ्या. आणि "मोडल म्हणजे इव्हेंट थ्रेड (खिडक्या रंगवणारा, क्लिक हाताळणारा थ्रेड) गोठतो" असं म्हणतात ते काही खरं नाही, आत दुसरा इव्हेंट पंप, म्हणजे रांगेतले इव्हेंट उचलत राहणारा लूप, चालू होतो, म्हणून रीपेंट, टायमर, कॅन्सलचं बटण सगळं चालतं. काम लगेच संपलं तर डायलॉग दिसायच्या आधीच डिस्पोज (बंद) होईल का, ही भीती मलाही होती, पण एक्झिक्यूट इव्हेंट थ्रेडवरूनच केलं असेल तर डन() (काम संपल्यावर चालणारी, डायलॉग मिटवणारी मेथड) त्याच थ्रेडच्या रांगेत लागतं आणि तो थ्रेड सेटव्हिजिबलमधे शिरल्यावरच त्याचा नंबर येतो. बाकी डूइनबॅकग्राउंडमधून (मागच्या थ्रेडवर चालणारी मेथड) लेबलला हात लावू नका, पब्लिश() करून प्रगती इव्हेंट थ्रेडकडे पाठवा. मी एकदा बटणाच्या लिसनरमधेच गेट() (वर्करचं उत्तर येईपर्यंत थांबून राहणारी मेथड) टाकून ठेवलं होतं, अख्खी विंडो पांढरीफटक, दोन दिवस डेटाबेसला शिव्या घालत होतो :)