गावच्या फुटबॉल टूर्नामेंटमधे ऑफसाइड ठेवा का काढून टाका?

कास्तकार_यवतमाळ:
सोयाबीन निघालं का आमच्या इकडं शाळेच्या पटांगणात टूर्नामेंट भरते. माह्यं म्हणणं हाय का यंदा ऑफसाइड, म्हंजे समोरच्यायच्या डिफेन्सच्या पुढं उभं राहून बॉल घ्यायची मनाई, काढूनच टाका. लाइनमन कोण, त हरलेल्या टीमचा पोट्टा, तो झेंडा कवा वर करन काई भरवसा नाई, गोल झाला का कचकच सुरू. फुटसालमधे, म्हंजे हॉलमधल्या छोट्या फुटबॉलमधे, ऑफसाइड नसतेच, मंग तिथी खेळ बंद पडला का?

गोलकीपर_गोंदिया:
गोलात मी उभा रायतो भाऊ, तुमचं काय जाते. ऑफसाइड नसला का समोरच्यायचा एक धिप्पाड गडी पूर्ण मॅच माह्या नाकासमोर उभा अन् मागून नुसते लांब लांब बॉल मारणं सुरू, पास कोण खेळन मंग? फुटसाल पाच-पाच जणायचा, अकराच्या मैदानाले ते कसं लावता?

मास्तर_हिंगणघाट:
निम्मी भांडणं एकाच गोष्टीवरून होतात. बॉल पोचला तेव्हा नाही, आपल्या माणसानं मारला तेव्हा तुम्ही कुठं होता ते पाहायचं. समोरच्यांच्या हाफात, बॉलच्या पुढं, आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढं असाल तर ऑफसाइड पोझिशन. सहसा शेवटचा गोलकीपरच असतो. पण नुसतं उभं राहणं गुन्हा नाही, खेळात लुडबुड केली तरच शिट्टी. थ्रो-इन, कॉर्नर, गोलकिकवरून थेट बॉल आला तर ऑफसाइड नाहीच.

कापूसपट्टा:
त्या शेवटून दुसऱ्याच्या बरोबरीत उभा असला तरी ऑफसाइडच ना सर?

मास्तर_हिंगणघाट:
१९९० पासून नाही.

कास्तकार_यवतमाळ:
पाहा, हेच सांगून रायलो. २०२२ च्या वर्ल्डकपात सौदीसमोर अर्जेंटिनाचे पहिल्या हाफात तीन गोल ऑफसाइडमधे गेले अन् मॅच २-१ नं हरले. तिथी त ऑफसाइडसाठी छताखाली १२ कॅमेरे अन् बॉलमधे सेकंदाले ५०० वेळा माहिती पाठवणारा सेन्सर होता. आपल्या इथी एक शिट्टी, तेबी पीटीच्या सरची.

गोलकीपर_गोंदिया:
कॅमेरे खांद्याच्या इंचासाठी हायेत बे. आपल्या इकडचा पोट्टा पाच-पाच फूट पुढं उभा असते, ते बांधावरून बी दिसते.

कापूसपट्टा:
पण नियम ढिला केला का मजा वाढते हे त खरं हाय. पहिले ऑफसाइड न व्हायले पुढं समोरच्यायचे तीन जण लागत, १९२५ मधे दोन केले, त इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमधे एका सीझनमधे ११९२ चे १७०३ गोल झाले.

मास्तर_हिंगणघाट:
ढिला केला, काढला नाही. त्यावर उतारा म्हणून टीमांनी मधला एक माणूस मागं ओढून डिफेन्सला दिला. लहान पोरांच्या सात-सातच्या मॅचमधे खुशाल काढा, मोठ्यांच्या मॅचमधे ठेवाच.

कास्तकार_यवतमाळ:
दोन्ही लाइनमन तिसऱ्या गावचे आणा मंग ठेवा, त्यायचा चहा-पोहे माह्याकडं. गोंदियावाल्याच्या गावचा नको, मागची फायनल अजून ध्यानात हाय.

गोलकीपर_गोंदिया:
तो गोल ऑफसाइडच होता.